चोखणी सोडवायची आहे? आधी झोपेकडे बघा

माझी लेक सव्वादोन वर्षांची होती. रात्री अडीच-तीनच्या सुमारास तिच्या तोंडातून चोखणी पडायची, ती जागी व्हायची, आणि आम्ही नवरा-बायको मोबाइलच्या उजेडात पलंगाखाली हात घालून ती शोधत बसायचो. अशाच एका रात्री सापडलेली चोखणी बेसिनवर धुताना मला तिच्या बोंडाच्या मुळाशी एक बारीक चीर दिसली. बोटाने ताणली तर ती तोंड उघडावं तशी उघडली. दाढांनी चावून चावून पडलेली चीर होती. आणखी चार रात्री गेल्या असत्या, तर तो तुकडा सुटून तिच्या घशात गेला असता.

त्या आठवड्यात मी चार जणांना विचारलं. दातांच्या डॉक्टर म्हणाल्या, तीन वर्षांच्या आत सुटायलाच हवी. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, आत्ता सर्दी-ताप आहे, पंधरा दिवस थांबा. पाळणाघरातल्या ताई म्हणाल्या, आपोआप सुटेल, आमच्याकडची किती मुलं सोडतात. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "अगं, कोरफडीचा गर लाव, चार दिवसांत तोंड फिरवेल." चौघांनाही माझ्या मुलीचं भलंच हवं होतं, पण चौघांचं ऐकून माझा गोंधळ वाढला. मग मी मिळेल ते वाचायला लागले, डॉक्टरांना पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले. त्यातून जे कळलं ते इथे मांडते. मेडिकलमध्ये पॅसिफायर म्हणून मिळणाऱ्या या वस्तूला कुणी चुसणी म्हणतं, कुणी निप्पल. मी चोखणीच म्हणणार आहे.

## मूल चोखतं ते कशासाठी?

चोखणं मूल पोटातूनच शिकून येतं. सोनोग्राफीत अंगठा तोंडात घातलेलं बाळ अनेक आईबाबांनी पाहिलेलं असतं. तिथे दूध नाही, भूक नाही, तरी ते चोखतं. म्हणजे चोखण्याची कामं दोन: एक पोट भरणं, दुसरं जीव शांत करणं. या दुसऱ्या प्रकाराला डॉक्टर पोषणाविना चोखणं म्हणतात. आपण त्याला शांत होण्याचं चोखणं म्हणू.

हे दुसरं चोखणं बाळाच्या खरोखर उपयोगाचं असतं. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या, नळीने दूध घेणाऱ्या बाळांना अतिदक्षता विभागात मुद्दाम चोखणी देतात. त्याने ती तोंडाने दूध प्यायला लवकर शिकतात. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना चोखणी द्यायला सांगते, कारण झोपेत अचानक होणाऱ्या बालमृत्यूचा धोका त्याने कमी होतो असं दिसलं आहे. मात्र अंगावरचं दूध नीट सुरू झाल्यावरच ती द्यावी, असंही ती सांगते.

दुसरीकडे, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९८९ मध्ये स्तनपानासाठी ज्या दहा पायऱ्या ठरवल्या, त्यांत अंगावर पिणाऱ्या बाळाला चोखणी देऊच नका, असं होतं. तोंडात सतत चोखणी असली की बाळ भुकेचं लक्षण दाखवतं ते आईच्या ध्यानात येत नाही, अंगावर पिणं कमी होतं, आणि मग दूधही कमी होतं, ही भीती. २०१८ मध्ये या पायऱ्या सुधारल्या आणि सरसकट मनाईच्या जागी, आईला चोखणीचे धोके समजावून सांगा, अशी भाषा आली.

एक डॉक्टर द्या म्हणतो, दुसरा नको म्हणतो, याने आई हवालदिल होते. पण कुठला सल्ला कुठल्या वयासाठी आहे हे पाहिलं की बराच गुंता सुटतो. पहिल्या महिन्यात जपून, पहिल्या वर्षात झोपेपुरती, आणि त्यानंतर हळूहळू निरोपाच्या दिशेने.

## एवढंसं रबर दात कसे सरकवतं?

दातांना तारा लावलेली शाळकरी मुलं आपण बघतो. ती तार दाताला ढकलते ती अगदी हलक्या जोराने, पण सतत. हाड जिवंत असतं. एका बाजूने दाब आला की तिकडचं हाड विरघळतं, मागे नवं भरतं, आणि दात सरकतो. चोखणीही हेच करते, फक्त उलट्या दिशेने.

म्हणून किती जोरात चोखतं यापेक्षा दिवसाचे किती तास तोंडात आहे, हे जास्त महत्त्वाचं. झोप लागेपर्यंत दहा मिनिटं चोखून मग तोंडातून गळून पडणारी चोखणी आणि सकाळी दूध संपल्यापासून रात्री डोळा लागेपर्यंत तोंडात असलेली चोखणी, यांचा हिशेब एकच धरता येत नाही.

त्यातून दोन गोष्टी होतात. वरचे आणि खालचे पुढचे दात मिटल्यावरही एकमेकांना भेटत नाहीत, मधे फट राहते. दुसरी गोष्ट डोळ्यांना पटकन दिसत नाही. चोखताना जीभ खाली दबलेली राहते आणि गाल आत ओढले जातात, त्यामुळे वरचा जबडा अरुंद होतो. मग वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसू लागतात.

घरच्या घरी बघायचं असेल तर मुलाला दाढा मिटून 'ई' म्हणायला सांगा आणि पुढच्या दातांत फट दिसते का ते बघा. माझ्या लेकीचं मला आधी केळ्यावरून कळलं होतं, फक्त अर्थ लागला नव्हता. ती केळं समोरून चावायची नाही. तोंड वाकडं करून ते बाजूच्या दाढांकडे न्यायची आणि तिकडून तोडायची. पोळीचा तुकडा पुढच्या दातांत धरून हाताने ओढायची. मला ती लाडातली खोड वाटायची. खरं म्हणजे तिचे पुढचे दात एकमेकांना टेकतच नव्हते.

दिलासा इतकाच, की हे वेळेत थांबलं तर पुष्कळसं आपोआप भरून येतं. दुधाचे वीस दात अडीच ते तीन वर्षांपर्यंत पूर्ण येतात, कायमचे पुढचे दात सहाव्या वर्षाच्या आसपास. चोखणी तिसऱ्या वर्षाच्या आत सुटली तर समोरची फट ओठांच्या आणि जिभेच्या नेहमीच्या दाबाने बहुतेक वेळा मिटते. अरुंद झालेला जबडा मात्र तितक्या सहज रुंदावत नाही. अमेरिकेतली बालदंतवैद्यांची संघटना तीन वर्षांची मर्यादा सांगते ती याचसाठी.

## कान आणि बोलणं

कानाच्या आतल्या पोकळीपासून घशापर्यंत एक बारीक नळी असते. लहान मुलांमध्ये ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते, म्हणून सर्दीचे जंतू कानापर्यंत सहज पोचतात. सारखी चोखणी तोंडात असणाऱ्या मुलांना कानदुखीचा त्रास जास्त होतो. पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सहामाहीपासूनच चोखणी कमी करा, असं डॉक्टर सांगतात त्याचं हे एक कारण.

बोलण्याबद्दल साधी गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे. ज्या वयात मूल दिवसभर बडबडून शब्दांचा सराव करतं, त्या वयात तोंडात बूच असलं तर सराव कमी होतो. दिवसा चोखणी बाजूला ठेवली की हा प्रश्न बराचसा सुटतो.

## मग सोडवताना एवढा आकांत का?

पांगुळगाडा आठवा. मूल त्याच्या आधाराने पावलं टाकतं, पण कुणी पायांत बळ यायच्या आधीच गाडा ओढून घेतला तर ते तोंडावर आपटेल. चोखणी हा झोपेचा पांगुळगाडा आहे. आपण वस्तू काढून घेतोय असं आपल्याला वाटतं. मुलाच्या लेखी मात्र आपण त्याला ठाऊक असलेली झोपण्याची एकमेव रीत काढून घेत असतो.

झोप सलग नसते. मोठी माणसंही रात्रीत चार-पाच वेळा अर्धवट जागी होतात, कूस बदलतात आणि पुन्हा झोपतात, सकाळी त्यांना आठवतही नाही. समजा, तुम्ही डोक्याखाली उशी घेऊन झोपलात आणि मधे जाग आली तेव्हा उशी गायब आहे. तुम्ही पुन्हा झोपाल की उठून उशी शोधाल? मुलाचं तेच होतं. चोखणी तोंडात असताना डोळा लागला, कूस बदलताना ती नाही. आमच्या पलंगाखालच्या रात्रीच्या शोधाचं मूळ इथे होतं, आणि हे समजल्यावर मी चोखणीवरचा राग सोडून झोपवण्याच्या पद्धतीकडे बघायला लागले.

वयाचाही भाग असतो. सहा महिन्यांनंतर चोखण्याची उपजत ओढ ओसरू लागते, आणि एक वर्षाच्या आत सोडवली तर मूल तुलनेने लवकर विसरतं. दहा महिने ते दीड वर्ष हा काळ आई नजरेआड झाली तरी जीव घाबराघुबरा होण्याचा, तेव्हा आधार काढणं कठीण. दोन-अडीच वर्षांनंतर हट्ट जबर असतो खरा, पण एक मोठी सोय होते, मुलाशी बोलता येतं. आम्ही त्या सोयीचा फायदा घेतला.

## कसं सोडवायचं: आधी जागा, मग वेळ

ताप उतरून पंधरा दिवस झाल्यावर आम्ही सुरुवात केली. घरात नवं बाळ, घरबदल, पाळणाघराचे पहिले दिवस, आजारपण, लंगोट सोडवणं, यांतलं काहीही चालू असेल तर थांबा. एका वेळी एकच गोष्ट.

पहिले तीन आठवडे आम्ही फक्त जागा ठरवली. चोखणी पलंगावरच. तिच्यासाठी झाकणाचा एक छोटा स्टीलचा डबा उशाशी ठेवला. सकाळी उठल्यावर ती स्वतःच चोखणी डब्यात टाकायची, झाकण लावायची आणि मग खाली उतरायची. हवी असेल तर पलंगावर जाऊन चोखायची मुभा होती, पण तिथे खेळणी नेता यायची नाहीत. पहिल्या दोन दिवसांत ती वीसेक वेळा पलंगावर गेली. आठवड्याभरात दिवसातून एकदा. रांगोळीचा डबा सांडायचा असेल किंवा भाजीवाल्या मावशी दारात आल्या असतील, तर पलंगावर पडून राहायला कुणाला वेळ असतो?

याच दिवसांत आम्ही झोपेची दुसरी रीत रुजवत होतो. सासूबाईंनी त्यांच्या आईच्या जुन्या लुगड्याची एक छोटी चौघडी शिवून पाठवली. रोज तोच क्रम: हातपाय धुणं, पेल्यातून दूध, दात घासणं, दिवा मंद, चौघडी गालाशी, एक गोष्ट, पाठीवर थोपटणं. डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्याला अशा वस्तूंबद्दल पहिल्यांदा नीट मांडणी केली. आई जवळ नसतानाही आईचा आधार देणारी, मुलाने स्वतः निवडलेली वस्तू. आपल्या घरांतल्या गोधड्या हे काम पिढ्यान् पिढ्या करत आल्या आहेत. चौघडीत आणि चोखणीत फरक हा, की चौघडी दात सरकवत नाही आणि रात्री चाचपडत हात फिरवला की सापडते.

मग आम्ही तिला दिवस सांगितला. "रविवारी आपण चोखणीला टाटा करायचा," असं चार दिवस आधीपासून, रोज एकदा, सहज आवाजात. डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनजवळ फ्रेडरिक्सबर्गच्या बागेत एक झाड आहे. तिथे मुलं आपल्या चोखण्या, चिठ्ठ्यांसकट, फांदीला बांधून निरोप देतात. आपल्याकडे असं झाड नाही. पण माझ्या लेकीचा सगळ्यात आवडता माणूस म्हणजे घंटागाडीवाले दादा. रविवारी सकाळी गाण्याचा आवाज आल्याबरोबर ती स्टीलचा डबा घेऊन जिना उतरली, झाकण उघडलं, चोखणी हातात घेतली, एकदा तोंडात घातली, बाहेर काढली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनीही ती मोठ्या आदराने घेतली. मला भरून आलं होतं, तिला नाही.

चोखणी काऊने नेली, उंदराने पळवली, असं सांगू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. मूल त्यावर विश्वास ठेवतं आणि मग चौघडी कधी नेणार, आईला कधी नेणार, याची धास्ती घेतं. स्वतःच्या हाताने दिलेली वस्तू आठवली की रडू येतं, भीती वाटत नाही.

## पहिल्या रात्री

पहिल्या रात्री ती पन्नास मिनिटं रडली. दुसऱ्या रात्री सव्वा तास. तेव्हा मला वाटलं, आपलं चुकलं. नंतर कळलं की असंच होतं. नेहमीचा उपाय चालेनासा झाला की मूल आधी जास्त जोर लावून बघतं, मग सोडतं. तिसऱ्या रात्री वीस मिनिटं, पाचव्या रात्री दोनदा "चोखणी?" विचारून चौघडी तोंडावर ओढून झोपली. दुपारची झोप मात्र दहा-बारा दिवस बिघडलेली होती.

रडू देणं म्हणजे एकटं सोडणं नव्हे. आम्ही आळीपाळीने शेजारी बसलो, थोपटलं, पाणी दिलं, "आठवण येतेय ना, हो, मलाही कळतंय," म्हणत राहिलो. फक्त चोखणी दिली नाही.

इथेच बहुतेक घरं अडखळतात. अर्धा तास रडल्यावर जीव तुटतो आणि कपाटातली दुसरी चोखणी बाहेर येते. त्यातून मुलाला काय कळतं? एस.टी. बंद झाली असं स्टँडवर स्पष्ट सांगितलं, तर माणूस दुसरी सोय बघतो. पण कधी दहा मिनिटांनी, कधी दोन तासांनी, पण येते, हे ठाऊक असेल तर तो थांबून राहतो. कधीकधी मिळणारी गोष्ट मूल सर्वांत चिवटपणे मागतं. म्हणून ठरवायच्या आधी घरातल्या सगळ्यांचं एकमत करा, आजी-आजोबांचं आणि पाळणाघरातल्या ताईंचंही. आणि घरातल्या सगळ्या चोखण्या गोळा करा. आमच्याकडे पाच निघाल्या, एक गाडीच्या सीटखाली.

## "कोरफड, कडुलिंब, मिरची लावली तर?"

मिरची कधीच नको. मिरची लागलेला हात डोळ्यांना लागतो, आणि तोंडाची आग लहान मुलाला सांगताही येत नाही. कोरफड-कडुलिंबाचा उपाय आपल्या आज्यांनी अंगावरचं दूध सोडवताना वापरला, आणि काही मुलं त्याने सोडतातही. तरी मी तो टाळला. ज्या गोष्टीवर मूल विसंबून झोपतं ती अचानक कडू झाली तर ते घाबरतं, आणि झोपायचं कसं हा प्रश्न उरतोच. सासूबाईंना हे समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग चौघडी शिवते."

## "रोज थोडं टोक कापलं तर?"

हा सल्ला खूप फिरतो. बोंड कापलं की चोखायला मजा येत नाही, हे खरं. पण कापलेली कड चावून तुकडा सुटतो आणि श्वासनलिकेत अडकू शकतो. चीर पडलेली चोखणी जशी फेकून द्यायची, तशीच कापलेलीही. आणि मध लावून देणं तर त्याहून वाईट. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधातल्या जंतूंमुळे लकव्यासारखा गंभीर आजार होऊ शकतो. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये चार बाळांना असा आजार झाला, त्या सगळ्यांना मध भरलेल्या चोखण्या दिल्या होत्या. वर्षानंतर मध चालतो, पण रात्रभर दातांवर गोड राहिलं की दात किडतात.

## "मग अंगठा चोखायला लागेल"

काही मुलं लागतात, पुष्कळशी नाही. चौघडी किंवा मऊ बाहुली हातात असली तर हात रिकामा राहत नाही. अंगठा मात्र घंटागाडीत देता येत नाही, हे खरं, म्हणून त्या पहिल्या दोन आठवड्यांत लक्ष ठेवा. दिसला तर ओरडू नका, हातावर मारू नका, हातात काहीतरी द्या.

## "पूर्वी कुठे होत्या चोखण्या?"

होत्या. लाखेने रंगवलेली लाकडी चोखणी खुळखुळ्याच्या जोडीने अनेक घरांत पाळण्यात असायची. त्याहून महत्त्वाचं म्हणजे झोका द्यायला घरात माणसं होती. आई दमली तर काकू, काकू दमली तर आजी. आज दोन खोल्यांच्या घरात दोघंच असतात, आणि दुसऱ्या दिवशी दोघांनाही कामावर जायचं असतं. तिथे रात्री तीन वाजता चोखणी देणाऱ्या आईला बोल लावण्याचा हक्क कुणालाही नाही.

## डॉक्टरांना कधी विचारायचं?

तीन वर्षं उलटून गेली आणि दिवसाही चोखणी सुटत नसेल, दाढा मिटल्यावर पुढे फट दिसत असेल, मूल तोंड उघडं ठेवून घोरत असेल, कान वारंवार दुखत असेल, किंवा दोन वर्षांनंतरही 'आई पाणी' असे दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर वाट बघू नका. आणि स्वमग्नता किंवा विकासातली दुसरी अडचण असलेल्या मुलासाठी चोखणी हा मोठा आधार असू शकतो. तिथे घाई न करता थेरपिस्टच्या सल्ल्याने सोडवा.

ज्यांची मुलं अजून लहान आहेत आणि चोखणी चालूच राहणार आहे, त्यांनी आज रात्री ती धुताना बोंड दोन बोटांत धरून सगळ्या बाजूंनी ताणून बघा. चिकट झालं असेल, फुगलं असेल, चीर दिसली तर तिथल्या तिथे टाकून द्या.

सहा महिन्यांनी आम्ही लेकीला पुन्हा दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. पुढची फट जवळजवळ मिटली होती. केळं ती अजूनही बाजूनेच तोडते.